मागचे पाय

मांजर भिंतीवरून उतरली ती अर्धीच. पुढचे दोन पाय नेहमीसारखे अंगणात टेकले, आवाज न करता. मागचं धड मात्र भिजल्या पोत्यासारखं भद्दकन मागाहून आलं आणि पडलं तिथंच राहिलं. अयूब अंगणात मांडी घालून भोंग्याचं युनिट उघडून बसला होता. दिवाळी होऊन गेली होती. झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात. नाटक म्हटलं की मंडप, मंडप म्हटला की माइक, आणि आरमोरीत माइक म्हटला की अयूब. तेव्हा या दिवसांत त्याला कुणी हाक मारलेलीही खपत नसे. ‘काय नखरे लावले व,’ तो मान वर न करता म्हणाला. मग मांजर पुढच्या दोन पायांवर सरकत त्याच्याकडे यायला निघाली, मागचे दोन पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे फरफटत आणत, आणि तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. अयूबचा सगळा जन्म आवाजात गेलेला. अर्थिंग ढिलं असलं की हमिंग कसं येतं, माइक भोंग्यासमोर आला की शिट्टी कशी फुटते, कुठल्या शाहिराचा गळा कुठल्या कडव्याला फाटणार, हे त्याला आधी कळायचं. पण हा आवाज त्याच्याकडच्या कुठल्याच खणात बसेना. तो मांजरीचा नव्हता, लेकराचाही नव्हता. तिचं तोंड उघडं होतं, जीभ बाहेर आली होती, आणि कुत्र्यासारखी धाप लागली होती. मांजरीला अशी धाप लागलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

थोडंच आधी भिंतीपलीकडून ‘हाड! हाड!’ ऐकू आलं होतं आणि पाठोपाठ फड्याचा सट्ट असा आवाज. तेव्हा त्यानं कान दिला नव्हता. आता डोक्यात ते दोन आवाज आपोआप जोडले गेले, दोन वायरी जोडाव्या तसे. आणि वायरी जोडल्या की करंट धावतो, बरोबर जोडल्या की चूक हे तो विचारत बसत नाही. रिकाम्या भोंग्याच्या पेटीवर चढून त्यानं भिंतीवरून पलीकडे पाहिलं. सुगंधाबाई अंगणात उभी होती. समोर पोत्यावर झिंगे वाळत घातलेले, हातात झाडायचा फडा.

“बाई, तुमी मारलं तिले.”

हा प्रश्न नव्हता. प्रश्न असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, हे त्याला नंतर फार वेळा वाटलं.

“झिंग्यात तोंड घालून राह्यली होती गा...” सुगंधाबाई म्हणाली आणि थांबली.

“म्हनून कंबर मोडाची तिची? मागचे पाय गेले तिचे. मुक्या जिवावर इतका राग?”

सुगंधाबाई ‘नाई’ म्हणाली नाही. तिनं हातातला फडा भिंतीला टेकवून ठेवला, हळूच, गरम भांडं ठेवावं तसा. तिच्या न बोलण्याचा अर्थ अयूबनं तिथल्या तिथं लावून टाकला. माणूस चिडला की अर्थ लावायला त्याला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो लावलेला अर्थ काढायला.

आता ही सुगंधाबाई कोण? वैरागडकडच्या एका खेड्यातली धानवाली कुणबीण, नवरा गेल्यावर पोराच्या शाळेसाठी आरमोरीत येऊन राहिलेली. पोरगा पत्रू शिकला, सोसायटीत चिकटला, आईला मात्र अजून भिंतीपलीकडची खबर भिंतीवरूनच घ्यायची सवय. अयूबची पोरं तिच्याच अंगणात रांगली. त्याच्या बायकोला, सलीमाला, बाळंतपणात ताप भरला तेव्हा हिनंच डिंक-मेथ्या कुटल्या. आणि एका डिसेंबरात, गावात मशिदीच्या बातमीवरून दिवसभर कुजबुज होती आणि चौकातली दुकानं दुपारीच बंद झाली होती तेव्हा, सुगंधाबाई सुपात तांदूळ घेऊन अयूबच्या ओट्यावर निवडायला बसली होती. काही बोलली नाही. ‘भिऊ नोका’ म्हणाली नाही. तिन्हीसांजेपर्यंत तेच तांदूळ निवडत राहिली. तांदळात खडे नव्हतेच, हे सलीमानं नंतर सांगितलं. अयूब त्या दिवसाबद्दल तिला कधी काही म्हणाला नव्हता. म्हणणार काय? काही उपकार असे असतात की आभार मानले तर ते लहान होतात आणि न मानले तर माणूस लहान होतो. दहा वर्षं तो त्या ओझ्याखाली हसतखेळत वागला. पण उपकाराखाली वाकलेला माणूस मनातल्या मनात, स्वतःलाही कळू न देता, उपकार करणाऱ्याची एखादी चूक कधी सापडते याची वाट पाहत असतो. ‘तुमी मारलं’ म्हणताना मांजरीसाठी जीव कळवळला होता हे खरंच. पण त्या कळवळ्याच्या तळाशी पाठ सरळ झाल्याचं एक बारीक सुखही होतं. ते त्याला त्याच रात्री, कूस बदलताना, सापडलं. आणि सापडल्यावर लपवायला जागा मिळेना.

मांजर कुणाची, हा हिशोब दोन्ही घरांत कधी पुरा झालाच नव्हता. भिंतीच्या अलीकडे ती शम्मो होती, पलीकडे मनी. अलीकडे तिला दूध मिळायचं, पलीकडे मासळीची डोकी. दोन्ही घरांना वाटायचं की ती आपल्याकडे जेवते आणि त्यांच्याकडे फक्त हिंडायला जाते. अयूब दुपारी जेवून खाटेवर आडवा झाला की ती त्याच्या छातीवर येऊन बसायची आणि तिची घुरघुर सुरू व्हायची. सलीमाची अम्मी म्हणायची, बिल्ली तस्बीह पढ रही है, उठवू नये, अल्लाचं नाव घेऊन राह्यली. सलीमानं ते लहानपणापासून ऐकलेलं. अयूब नमाजाला आठवड्यातून एकदा जाणारा माणूस. त्याला वाटायचं, आपल्या वाटचीही हीच मोजून राह्यली असेल, बरं आहे. या पावसाळ्यापासून ती जास्तच येऊन पडायला लागली होती. भिंतीवर एका उडीत चढायची ती आधी पेटीवर, मग पाण्याच्या टाकीवर, मग भिंतीवर अशी टप्प्याटप्प्यानं जायला लागली. उंदरामागे धावून अर्ध्यात बसायची, आणि उंदीरच थकला असावा अशा नजरेनं इकडेतिकडे बघायची. ‘शानी झाली,’ अयूब म्हणायचा. छातीवर असली की घुरघुरीच्या खालून दुसरंच काही जाणवायचं, कानाला नव्हे, बरगडीला: टप-टप-टप, टप-टप-टप, ढोलकीवाला घाईला आला की एक थाप जास्तीची मारतो तसं. त्याला ते जाणवलं होतं. आपण तिला इतके आवडतो, असा अर्थ त्यानं त्याचा लावला होता.

सलीमानं तिला मांडीवर घेतलं. सलीमा कमी बोलते, पण बोलते ते हात लावून पाहून बोलते. “सुनो, पीछे के पाय बर्फ सरीखे थंडे,” ती म्हणाली, “सामने के गरम आहेत.” अयूब दारात उभा राहून पत्रूला काय काय सुनावता येईल याची जुळवाजुळव करत होता. त्याला ते ऐकू आलं, कळलं नाही. तिन्हीसांजेला मांजरीनं एकदा मान उचलून भिंतीकडे पाहिलं आणि ती गेली. शेवटपर्यंत घुरघुरत होती. “पढ रही है,” सलीमा म्हणाली, आणि तोंडावर ओढणी घेतली.

सकाळी अयूबनं तिला गोणपाटात गुंडाळलं, लूनाच्या पायदानावर ठेवलं आणि ढोर दवाखाना गाठला. काय मनात होतं? कागद हवा होता का? पोलिसात तो जाणार नव्हता. पत्रूला दाखवायचं होतं का? नीटसं त्याचं त्यालाच सांगता येईना. एवढंच की रात्री सापडलेलं ते बारीक सुख जर पाप असेल, तर निदान आरोप तरी खरा ठरावा. आरोप खरा ठरला तर माणूस अर्धा तरी सुटतो.

दवाखान्यात मंजुषा मॅडम नव्या आलेल्या, नागपूरहून शिकून. आल्यापासून वाघानं मारलेल्या गाईम्हशींचे पंचनामे करून त्यांचा चेहरा दमल्यासारखा झाला होता.

“मांजरीचं पोस्टमार्टेम?” त्या म्हणाल्या. “भाऊ, इथं कोणी कुत्र्याचं करून मागत नाही.”

“कोनं मारलं ते पाहाचं आहे.”

“कोणी मारलं ते नाही कळणार. कशानं मेली ते कळेल.”

“तेच ते.”

“तेच नाही ते,” मॅडम म्हणाल्या, आणि हातमोजे चढवले.

तो बाहेर निंबाखाली थांबला. आत बोलावलं तेव्हा मॅडमचा चेहरा बदलला होता. दमणूक कुठल्या कुठं गेली होती. डोळ्यांत एक आनंद होता, आणि समोर मांजरीचा मालक उभा आहे हे आठवून त्या तो कसाबसा आवरत होत्या.

“मार नाही लागलेला. हाड शाबूत, मणका शाबूत, कातडीखाली रक्त साकळल्याची खूणसुद्धा नाही. हे पाहा. हे तिचं हृदय.”

ट्रेमध्ये लिंबाएवढं काहीतरी होतं, उभं चिरलेलं. अयूबनं पाहिलं, कारण न पाहिलं तर घाबरला म्हणतील.

“हा स्नायू किती जाड झालाय पाहा. भिंत जाड होत गेली की आतली खोली लहान होत जाते. रक्त मावत नाही, मागं तुंबतं. फुफ्फुसात पाणी उतरतं. आणि तुंबलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून खाली गेली. मोठी रक्तवाहिनी दोन पायांकडे विभागली जाते ना, त्या फाट्यावर अडकली. मागचे पाय थंड पडले होते का?”

“पडले होते,” अयूब म्हणाला. सलीमाचा आवाज आता त्याला कळला.

“पुस्तकात वाचलं होतं. हातात पहिल्यांदा आलं.” मग त्या जरा ओशाळल्या. “कोणाची चूक नाही, भाऊ. काही मांजरींत असतंच हे. बाहेरून काही दिसत नाही. धाप लागायची का तिला? छातीला हात लावल्यावर ठोके वेगळे?”

अयूबचा हात आपल्याच बरगडीवर गेला.

“घुरघुर करत असेल तर ऐकूही नसते आले. दुखत असलं तरी मांजर घुरघुरते. लोकांना वाटतं खुशीत आहे.”

दवाखान्याच्या फाटकापाशी त्याला गुणवंतराव भेटला. गुणवंतराव धानाचा दलाल. गावात कुठल्या घरात काय शिजतं ते त्या घराच्या आधी त्याला कळतं.

“काहो माइकवाले, सुगंधाबाईनं मांजर मारली म्हनते तुमची? आता तं सोन्याची मांजर करून काशीले न्या लागते बाप्पा. मांजरीची हत्या म्हनजे साधी गोष्ट आहे का!”

“कोनं सांगतलं?”

“तुमीच तं भिंतीवर चढून सांगतलं. भोंग्याची सवय तुमाले, हळू बोलता येते का?” गुणवंतराव हसला. चहाच्या टपरीवरचे दोघे हसले.

“तिनं नाई मारली. हार्टची बिमारी होती तिले. मॅडमनं आताच कापून पाह्यलं.”

टपरीवर असा हशा उसळला की दुधाच्या पातेल्यावरचं झाकणसुद्धा थरथरलं असेल.

“मांजरीले हार्ट अटॅक! बिडी पेत होती का जी?”

“टेन्शन असन. दोन घरचा संसार!”

लूनाला किक मारत अयूबला कळलं की खोटं गावभर फिरायला एक वाक्य पुरलं, आणि खऱ्याला आता तोंडच राहिलेलं नाही. ते तोंड उघडलं की लोक हसणार. एखाद्या मोठ्या मंडपात माइक सुरू करावा आणि आवाज नेमका आपल्याच बोटाखाली मेला असावा, तसं त्याला झालं.

तो घरी न थांबता पुढल्या गल्लीनं वळसा घालून सुगंधाबाईच्या दारात गेला. इतक्या वर्षांत तो या दारानं आलाच नव्हता. सगळं येणंजाणं भिंतीवरून. दारातून आल्यावर ते घर परकं वाटलं. ती चुलीशी बसली होती. चुलीत जाळ नव्हता.

“बाई, तुमचा काही दोष नाई. मॅडमनं पाह्यलं. मार लागलाच नाई तिले. बिमारी होती, दिलाची.”

“बस गा.”

“खरं सांगून राह्यलो.”

“तू चांगला मानूस आहेस, म्हनून म्हनतेस. राती तुह्या बायकोनं समजावलं असन.”

“नाई बाई! मॅडमनं कापून—”

“कापलं?” सुगंधाबाईनं मान वर केली. “मनीले कापलं तुमी?”

अयूबला हे सुचलंच नव्हतं. पुरावा म्हणून जे त्यानं मिठाईसारखं हातात धरून आणलं होतं, ते तिच्यासमोर ठेवल्यावर आतडी निघाली. तिनं पदर डोळ्याला लावला. तो जमिनीकडे पाहत, जमेल तसं सांगत गेला: स्नायू जाड झाला होता, आतली जागा लहान झाली होती, गुठळी झाली, ती पायाच्या फाट्यावर अडकली, फड्याशी याचा काही संबंध नाही. सुगंधाबाईनं सगळं ऐकलं. धान विकताना काट्याकडे पाहावं तशी ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

“म्हनजे आधीपासून दुखत होतं तिले?”

“हो. म्हनजे तसंच असन.”

“अन् दुखत्या जिवाले मी फडा मारला.”

अयूबनं चुलीतल्या राखेकडे पाहिलं.

“लागला होता गा फडा. पाठीवर लागला. रोज हाड म्हनतो, रोज पळते. काल पळाली नाई. वळून माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं, माजली. म्हनून अजून एक मारला. तवा कुठं कशीबशी भिंतीवर चढली.” तिनं पदराचं टोक पिळलं. “आता तू सांगतेस तं कळते, तिले पळता येत नोतं.”

सत्य आणलं होतं ते तिला सोडवायला; तिनं ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि स्वतःच्याच नावावर लावून घेतलं. आणि ती चुकली होती असं कसं म्हणावं? महिनोन्महिने तीच मांजर त्याच्या छातीवर येऊन तोच वेडावाकडा ठेका त्याच्या बरगडीत वाजवत होती, आणि त्यानं तो आपल्या लाडाचा मानला होता. सुगंधाबाईनं तिला माजली समजून दोन फडे मारले. त्यानं तिला आशिक समजून काहीच केलं नाही. कुणाचं जड? हे तो तिला सांगू शकला असता. ‘बाई, मलेबी कळलं नाई,’ एवढं जरी म्हटलं असतं तरी कदाचित ते दोघं एका बाजूला आले असते. पण कालची पाठ सरळ झालेली अजून पुरती वाकली नव्हती. तो “येतो” म्हणून उठला.

पुढचे दिवस नाटकांचे होते. कोरेगाव, देसाईगंज, धानोऱ्याकडची खेडी. तो मेटॅडोरमध्ये भोंगे घालून जायचा आणि पहाटे परतायचा. मंचावर राजा मरताना, विधवा रडताना, विनोदी नट चड्डी सावरताना तो अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसून आवाजाची बटणं फिरवायचा. आणि एका प्रयोगात, नायिका हंबरडा फोडत असताना, तिच्या हंबरड्याच्या खाली त्याला एक बारीक घुरघुर ऐकू यायला लागली. त्यानं अर्थिंग तपासलं, वायरी हलवल्या, युनिट बदललं. जोडीदार म्हणाला, “भाऊ, आवाज साफ आहे गा, काऊन छेडून राह्यला?” साफच होता. मांजरीला पिता यावं म्हणून उघडी असायची ती पाण्याची टाकी घरी सलीमानं झाकून टाकली. भिंतीवरून आता कुणी काही देत नव्हतं, मागत नव्हतं. पत्रू रस्त्यात भेटला तर सायकलच्या चेनकडे बघायचा. एकदाच बोलला: “मायनं कानातल्या बुगड्या सोनाराकडं देल्ल्या. कोनाचं आयकत नाई. मार्कंड्याले जातो म्हनते, आमची काशी तेच म्हनते. तुमी एक शब्द बोलले, भाऊ. एकच.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अयूबला उत्तर सुचलं असतं.

कार्तिक सरत आला तेव्हा एका सकाळी ती आली, पुढल्या दारानं. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. यष्टीची वेळ झालेली. कान मोकळे होते, आणि बुगड्यांच्या जागी भोकं लांब झालेली दिसत होती. आत या, म्हटलं तर आली नाही. कनवटीची पुडी सोडून तिनं त्याच्यापुढे धरली. हळदीच्या कागदात तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं असं काहीतरी होतं.

“पाह्य बरं,” ती म्हणाली. “तिच्यावानी दिसते का?”

“मले काय विचारता, बाई.”

“तुह्याएवढं तिले कोनं पाह्यलं? मी तं मासळीची डोकी टाकाची अन् कामाले लागाची. तुह्या छातीवर असाची ती. सोनारानं कधी मांजर केली नाई म्हने. सारखी नसन तं देवाले चालत नाई.”

त्यानं ते तळहातावर घेतलं. वजन नव्हतंच. चार टोकं होती, ती पाय असावेत. डोकं वासराचं म्हटलं तर वासराचं, डुकराचं म्हटलं तर डुकराचं. डोळ्यांच्या जागी सुईनं टोचल्यासारखं केलं होतं, तेही एकाच बाजूला.

“शेपूट नाई,” तो म्हणाला.

“शेपटीपुरतं सोनं नाई पुरलं म्हने.” तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला. काळ्या दोऱ्यात तिथं एक सोन्याचा मणी राहिला होता. “पायजेच असन तं सांग. हा आहे अजून. उद्याच्या यष्टीनं जाईन.”

अयूबनं मणी पाहिला, तळहात पाहिला. सारखी नाही म्हणावं तर मणी जाणार. सारखी आहे म्हणावं तर जे तिनं केलं नव्हतं ते आपल्या तोंडानं कायमचं खरं करणार. गुठळी, फाटा, जाड झालेला स्नायू, सगळं त्याच्या जिभेवर होतं, आणि त्यातलं काहीही या मोकळ्या कानांना उपयोगाचं नव्हतं. तिला दोष नाही हे तिला ऐकायचंच नव्हतं. तिला एवढंच ऐकायचं होतं, की ती द्यायला निघाली आहे ते पुरेल.

त्यानं ती चीज बोटानं उभी केली. चार टोकांवर ती उभी राहिली, पुढच्या दोन आणि मागच्या दोन, नीट.

“हो बाई,” तो म्हणाला. “तीच आहे.”

सुगंधाबाईच्या चेहऱ्यावरची शीर सैल झाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे जुन्या नजरेनं पाहिलं, आणि ते त्याला सोसवेना.

“मंग घेईल ना देव?”

“घेईल.”

तिनं सोनं कागदात ठेवलं, हळद सांडू नये म्हणून घडीवर घडी घातली, आणि पुडी कनवटीला लावून यष्टी स्टँडच्या वाटेला लागली. अयूब दारात उभा होता. आतून सलीमानं विचारलं, कोन आलं होतं? त्यानं बोलायला तोंड उघडलं, आणि आवाज निघेना.